स्क्रीनशॉट निघतो, पण मागितला की सापडत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला एका द्राक्ष-निर्यातीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघता. हंगामात रोज तीस-चाळीस स्क्रीनशॉट निघतात: जहाजाची तारीख, बँकेतली एंट्री, ग्रेपनेटवरचा (निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवरचा) प्लॉट, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला भाव. प्रिंट स्क्रीनचं बटण कधी चालतं, कधी नाही. निघालेली चित्रं काही डेस्कटॉपवर, काही पिक्चर्समध्ये, काही कुठेच नाहीत. साहेबांनी मागितलं की चार हजारांतून एक शोधण्यात अर्धा तास जातो, आणि पाठवलं की समोरचा म्हणतो, अक्षरं लागत नाहीत. शेवटी विचारलंय की यासाठी एखादं चांगलं सॉफ्टवेअर आहे का.

सॉफ्टवेअर लागणार नाही. विंडोजमध्ये आहे तेवढं पुरतं. तुमची अडचण वेगळी आहे: बोट एकाच बटणाकडे जातं, पण सोबत कुठलं बटण दाबलं गेलं त्यावर चित्र तीन-चार वेगळ्या ठिकाणी जाऊन पडतं, आणि ते कुठे पडलं हे त्या क्षणी कोणी बघत नाही. छोट्या ऑफिसांचे लॅपटॉप सांभाळताना हे इतक्या वेळा दिसतं की 'स्क्रीनशॉट गायब झाला' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा फोल्डर बघत नाही, बोटं बघतो.

काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत. विंडोज 10 की 11, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) चालू आहे की बंद, यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. मी विंडोज 11 धरून सांगतो आणि 10मध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं म्हणतो. 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, त्यामुळे बँकेचं काम त्या मशीनवर होत असेल तर तो विषय स्क्रीनशॉटच्याही आधी साहेबांच्या कानावर घाला.

आधी बटणांचं. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की जुन्या पद्धतीत पूर्ण स्क्रीनचं चित्र क्लिपबोर्डवर जातं, म्हणजे मेमरीत. फाइल तयार होत नाही. तुम्ही ते वर्डमध्ये किंवा मेलमध्ये पेस्ट केलं तर आहे. पेस्ट करायच्या आधी दुसरं काही कॉपी केलं तर गेलं. 'काही कुठेच नाहीत' म्हणता ते बहुतेक हेच. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं तर फक्त समोरच्या खिडकीचं चित्र निघतं, पण तेही क्लिपबोर्डवरच. विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की मात्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये फाइल पडते. त्या वेळी स्क्रीन क्षणभर मंद होते, ती फाइल पडल्याची खूण समजा. चौथा प्रकार विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र. याने स्क्रीन काळवंडते आणि हवा तेवढाच चौकोन ओढून घेता येतो. विंडोज 10मध्ये हा तुकडाही क्लिपबोर्डवरच जातो. विंडोज 11च्या स्निपिंग टूलमध्ये (विंडोजसोबतच येणारं स्क्रीनशॉटचं अ‍ॅप) तो क्लिपबोर्डवर जातो आणि त्याच स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप सेव्हही होतो.

आता बटण कधी चालतं, कधी नाही याचं. विंडोज 11च्या अलीकडच्या अपडेटांनंतर नुसत्या प्रिंट स्क्रीनने पूर्ण चित्र न निघता स्निपिंग टूल उघडतं. स्क्रीन काळवंडली, तुम्हाला वाटलं लॅपटॉप अडकला, एस्केप दाबलं, की काहीच निघालं नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे प्रिंट स्क्रीनने स्क्रीन कॅप्चर उघडावं की नाही याचा स्विच आहे. तो चालू ठेवा असंच मी सांगेन, कारण पूर्ण स्क्रीनपेक्षा हवा तेवढा तुकडा नव्वद टक्के कामाला बरा. फक्त ऑफिसातल्या सगळ्या लॅपटॉपवर सारखंच ठेवा. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असलं की सवय लागत नाही.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर जागा कमी असते, म्हणून प्रिंट स्क्रीनला बऱ्याचदा स्वतंत्र बटण नसतं. ते एखाद्या एफ-बटणावर किंवा इन्सर्टच्या सोबतीला छापलेलं असतं, आणि एफएन धरल्याशिवाय लागत नाही. त्यात एफएन लॉक नावाचा प्रकार आहे. बऱ्याच डेल आणि लेनोव्हो मशीनवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की वरच्या रांगेतल्या बटणांचा अर्थ उलटा होतो. कोणाकडून चुकून ते दाबलं गेलं की कालपर्यंत चालणारं बटण आज 'बिघडतं'. एम.जी. रोडवर नवीन कीबोर्ड बसवायला जाण्याआधी हे एकदा तपासा. खरंच बटण मेलं असेल तरी खर्च करायची घाई नको. विंडोज-शिफ्ट-एसला प्रिंट स्क्रीनचं बटण लागतच नाही.

म्हणून तुमच्यासाठी दोनच जोड्या लक्षात ठेवा. रोजच्या कामाला विंडोज-शिफ्ट-एस. पुरावा म्हणून पूर्ण स्क्रीन, घड्याळासकट हवी असेल तर विंडोज-प्रिंट स्क्रीन. बाकीच्या विसरलात तरी चालेल.

क्लिपबोर्डवरचं हरवतं त्याला एक आधार आहे. विंडोज आणि व्ही दाबा, पहिल्यांदा 'चालू करा' असं विचारेल, हो म्हणा. मग शेवटच्या 25 कॉपी केलेल्या गोष्टी, चित्रंसुद्धा, तिथे दिसतात. मशीन रीस्टार्ट केलं की पिन केलेल्या सोडून सगळ्या जातात. यात पासवर्ड कॉपी केलेले असतील तर तेही दिसतात, म्हणून लॅपटॉप दोघांत वापरला जात असेल तर संध्याकाळी 'क्लिअर ऑल' करून उठा.

आता 'काही डेस्कटॉपवर, काही पिक्चर्समध्ये' याकडे येऊ. यात वनड्राइव्हचा हात असण्याची शक्यता बरीच आहे. नवीन लॅपटॉप सुरू करताना 'तुमच्या फोल्डरचा बॅकअप घेऊ का' असं विचारतात, आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत जातो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात सरकतात. त्यानंतर पिक्चर्स नावाचे दोन फोल्डर होऊ शकतात: एक सी ड्राइव्हवरच्या तुमच्या नावाखालचा जुना, आणि एक वनड्राइव्हमधला. नवे स्क्रीनशॉट दुसऱ्यात पडतात आणि तुम्ही पहिल्यात शोधता. फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत पत्ता वाचा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द आला की कळेल.

फुकटच्या खात्यात वनड्राइव्ह 5 जीबी देतं. साध्या लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनचं पीएनजी चित्र साधारण 200 केबीपासून 1-2 एमबीपर्यंत जातं. सरासरी अर्धा एमबी धरला तर तुमचे चार हजार म्हणजे 2 जीबी. त्यात डेस्कटॉपवरचे कंटेनर भरतानाचे फोटो आणि पीडीएफ आले की 5 जीबी भरतात, सिंक थांबतं आणि 'जागा नाही' अशी पिवळी खूण येते. मग काही फाइली एका लॅपटॉपवर दिसतात, दुसऱ्यावर नाहीत. लोकांना वाटतं व्हायरस आला.

सगळे स्क्रीनशॉट एकाच ठिकाणी पडावेत यासाठी: तुमच्या सध्याच्या स्क्रीनशॉट्स फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन हा टॅब, तिथे मूव्ह. डी ड्राइव्ह असेल तर त्यावर 'आवक' नावाचा एक फोल्डर करा आणि तो निवडा. जुन्या फाइली नव्या जागी न्यायच्या का विचारेल, हो म्हणा. डी ड्राइव्ह नसेल तर सी ड्राइव्हवरच, पण वनड्राइव्हच्या बाहेर. मग स्निपिंग टूलच्या सेटिंगमध्ये जाऊन तेही त्याच जागी सेव्ह करतंय ना, एवढं एकदा बघून घ्या. फोल्डरचं 'आवक' हे नाव मुद्दाम सुचवलं. ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं तसंच हे: इथे चित्र येतं, पण राहत नाही.

राहायची जागा वेगळी. तुमच्या कामात कुठलंही चित्र शेवटी एखाद्या कंटेनरचं, बागायतदाराचं किंवा पार्टीचं असतं, म्हणून ते त्या कंटेनरच्या फोल्डरमध्ये, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टच्या शेजारी हवं. 'स्क्रीनशॉट' नावाच्या मोठ्या डब्यात जमा केलं की सहा महिन्यांनी शोधताना तुमच्याकडे फक्त तारीख उरते, आणि तारीख नेमकी आठवत नसते. कंटेनर नंबर मात्र सगळ्यांना माहीत असतो.

नाव देण्याची पद्धत एकच धरा: वर्ष-महिना-दिवस, मग कंटेनर किंवा पार्टी, मग विषय. उदाहरणार्थ '2025-02-11_कंटेनरनंबर_जहाज-तारीख'. वर्ष पुढे घेण्याचं कारण साधं आहे. नावाप्रमाणे लावलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. 11-02-2025 लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या अकरा तारखा एकत्र गोळा होतात. स्निपिंग टूल स्वतः तारीख आणि वेळ घालून नाव देतं, तेव्हा तुम्ही एफ-2 दाबून शेवटी दोन शब्द जोडले तरी भागतं. विंडोज-प्रिंट स्क्रीन मात्र कंसात 1, 2, 3 असे नुसते आकडे देतं, त्याला नाव द्यावंच लागतं. इथे मी नमुना देवनागरीत लिहिला, पण फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि जागेऐवजी आडवी रेघ वापरा. विंडोजला मराठी नाव चालतं. काही सरकारी पोर्टलं आणि परदेशातल्या एजंटची सिस्टीम ते घेत नाही आणि एररमध्ये कारणही सांगत नाही.

रोज चाळीस फाइलींना नाव द्यायला वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण चाळीस निघतात कारण निम्मे काढायचेच नसतात. या मुद्द्यावर जरा रेंगाळतो, तुमचा खरा वेळ इथे वाचणार आहे.

ज्या पानावर 'डाउनलोड' आहे, त्याचा स्क्रीनशॉट काढू नका. ई-वे बिल, जीएसटी चलन, रिटर्न भरल्याची पोच, बँकेची पावती, या सगळ्यांची पीडीएफ मिळते. पीडीएफमधला नंबर शोधता येतो, कॉपी करता येतो, कितीही मोठा केला तरी फुटत नाही. बागायतदाराच्या सातबाऱ्याचंही तेच. महाभूलेखवर फुकट दिसतो तो माहितीपुरता. 15 रुपये भरून मिळतो त्याच्यावर डिजिटल सही असते. त्या सहीच्या सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट काढला की सही फाइलमध्येच राहिली आणि तुमच्या हातात नुसतं चित्र आलं. प्लॉट नोंदणीला मूळ पीडीएफच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो नको.

ज्यातून फक्त एक नंबर हवा आहे, त्याचाही स्क्रीनशॉट नको. पेमेंटचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराला देते तो क्रमांक, हे ठळक उदाहरण. यूपीआयचा व्यवहार क्रमांक 12 आकडी असतो, एनईएफटीचा 16 अक्षरांचा, आरटीजीएसचा 22चा. तो चित्रात कोंडला की बँकेत विचारायला पुन्हा डोळ्यांनी बघून टाइप करावा लागतो, आणि 22 अक्षरांत शून्य आणि ओ यांची एक तरी अदलाबदल होतेच. नंबर कॉपी करून थेट एक्सेलमध्ये पार्टीच्या नावापुढे टाका. आणि समोरच्याने पाठवलेला 'पैसे टाकले' असा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं धरू नका. तसं चित्र बनवून देणारी अ‍ॅप्स आहेत; बँकेच्या खात्यात एंट्री दिसल्यावरच माल सोडा.

मग स्क्रीनशॉट काढायचा कशाचा? जे पान उद्या बदलणार आहे आणि ज्याची पीडीएफ मिळत नाही, त्याचा. न्हावा-शेवाहून निघालेल्या जहाजाची रॉटरडॅमला पोचण्याची तारीख हे त्याचं नमुनेदार उदाहरण. शिपिंग लाइनच्या पानावर आज एक तारीख, परवा दुसरी. द्राक्षं नाशवंत, खरेदीदाराने उशिराचा क्लेम केला तर 11 फेब्रुवारीला पानावर काय दिसत होतं हे दाखवायला त्या दिवशीचं चित्रच लागतं. पोर्टलवरचे एरर मेसेज, अर्ज भरताना अडकलेलं पान, शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद असल्याची खूण, हीसुद्धा याच जातीची.

असं चित्र काढताना दोन मिनिटं जास्त द्या. आधी बाकीचे टॅब बंद करा. टॅबच्या पट्टीवर दुसऱ्या खरेदीदाराचं नाव दिसणं बरं नाही. कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबत पान 125 किंवा 150 टक्क्यांपर्यंत मोठं करा. स्क्रीनशॉट म्हणजे स्क्रीनवर जितके ठिपके आहेत तितकेच. 1366 बाय 768च्या लॅपटॉपवर बारीक अक्षर आठ-दहा ठिपक्यांत बसवलेलं असतं आणि नंतर कितीही ताणलं तरी त्यात नवीन ठिपके येत नाहीत. म्हणून मोठं करायचं ते चित्र काढण्याआधी. कंटेनर नंबर, तारीख आणि वरची पत्त्याची पट्टी एकाच चौकटीत बसली पाहिजे. क्रोम पत्त्याचा पुढचा भाग लपवतं. पट्टीवर राइट-क्लिक करून पूर्ण पत्ता कायम दाखवण्याचा पर्याय निवडा. उजव्या कोपऱ्यात खाली तारीख-वेळ दिसतेय का बघा, टास्कबार आपोआप लपत असेल तर ते बंद करा. मग विंडोज-प्रिंट स्क्रीन. दोन मॉनिटर लावले असतील तर दोन्ही येतील, तेव्हा दुसऱ्यावर घरचे फोटो उघडे नाहीत ना तेही बघा.

पान लांब असेल आणि एका स्क्रीनमध्ये मावत नसेल तर तुकडे जोडत बसू नका. एज आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस दाबलं की पूर्ण पानाचा पर्याय मिळतो. क्रोममध्ये जरा वळसा आहे: एफ-12, मग कंट्रोल-शिफ्ट-पी, तिथे स्क्रीनशॉट हा शब्द टाइप करून 'फुल साइज' असलेली ओळ निवडायची. किंवा सरळ कंट्रोल-पी करून पीडीएफ. त्यात खालच्या-वरच्या ओळीत पत्ता आणि तारीख छापायचा पर्याय चालू ठेवा.

माउस नेला की उघडणारा आणि हलवला की मिटणारा मेनू पकडायचा असेल तर स्निपिंग टूल आधी उघडून त्यातला 3, 5 किंवा 10 सेकंदांचा उशीर लावा आणि तेवढ्यात मेनू उघडा.

आता अक्षरं फुटतात त्याबद्दल. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये असतो, त्यात एकही ठिपका बदलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकला की तो जेपीईजी होतो, आकारही कमी होऊ शकतो, आणि जेपीईजी ही पद्धत माणसांच्या, डोंगर-झाडांच्या फोटोसाठी बनवलेली आहे. अक्षराची काळी कडा आणि पांढरा कागद यांच्या सीमेवर ती धुरकट ठिपके सोडते. एकदा पाठवलेलं चित्र पुढच्याने पुन्हा फोटो म्हणून पुढे ढकललं की आणखी बिघडतं. उपाय सोपा: चिकटवायच्या खुणेवर जाऊन फोटोऐवजी डॉक्युमेंट निवडा आणि तीच पीएनजी पाठवा. मोबाइलने लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवण्याची पद्धतही काही ऑफिसांत आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पोर्टलने 100 किंवा 200 केबीची मर्यादा घातली असेल तर आधी अनावश्यक भाग कापा. निम्मा आकार तिथेच उतरतो. पांढऱ्या पानावर नुसती अक्षरं असतील तर पीएनजी बऱ्याचदा जेपीईजीपेक्षा लहान आणि स्वच्छ भरते. चित्रात फोटो किंवा नकाशा असेल तर पेंटमध्ये उघडून जेपीईजीत सेव्ह करा. तरीही जास्त भरलं तर रीसाइझने टक्केवारी 80 वर आणा, त्याखाली शक्यतो जाऊ नका. प्रिंट काढायची असेल तर डार्क मोड बंद करूनच चित्र काढा, नाहीतर पानभर काळं छापून टोनर संपेल.

चार-पाच चित्रं एका पीडीएफमध्ये हवी असतील तर ती निवडून राइट-क्लिक, प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी टिक असते, ती काढा. ती राहिली की चित्र पानाच्या चौकटीत भरण्यासाठी कडा कापल्या जातात, आणि नेमकी कडेची तारीख किंवा रक्कम उडते.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण तुमच्या कामात रोज येणारी गोष्ट म्हणजे झाकणं. बागायतदाराचा खाते क्रमांक, आधार, मोबाइल हे पुढे पाठवताना लोक पेनाने खोडतात. यात तीन ठिकाणी चुकतं. हायलायटर काळ्या रंगात फिरवला तर वरून काळा दिसतो, पण तो अर्धपारदर्शक असतो. मोबाइलवर ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे उमटतात. धूसर करण्याने आकडे पूर्ण मरत नाहीत. भरीव रंगाचा चौकोनच वापरा, पेंटमध्ये आतला रंग 'सॉलिड' ठेवून. दुसरं, आधारवरचा क्यूआर कोड. नंबर झाकला आणि कोड उघडा ठेवला तर बरीचशी माहिती त्यातून वाचता येते. तिसरं सगळ्यात फसवं आहे. विंडोज 11चं स्निपिंग टूल जे आपोआप सेव्ह करतं ते मूळ चित्र, खाडाखोडीच्या आधीचं. तुम्ही झाकलं, समाधानाने खिडकी बंद केली, आणि फोल्डरमधून फाइल उचलून मेलला जोडली, की उघडंच चित्र गेलं. झाकल्यावर कंट्रोल-एस करून वेगळ्या नावाने सेव्ह करा, नावाच्या शेवटी 'झाकलेले' अशा अर्थाचं काही लावा, आणि पाठवण्याआधी तीच फाइल एकदा उघडून बघा.

कापून सेव्ह करण्यातही एक जुना धोका होता. मार्च 2023 मध्ये लक्षात आलं की स्निपिंग टूलमध्ये आधीची फाइल उघडून, कापून, त्याच नावाने सेव्ह केली तर कापलेल्या भागातला काही डेटा फाइलच्या शेपटीला तसाच राहायचा आणि तो परत काढता यायचा. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण त्याआधी कापून ठेवलेल्या फाइली तुमच्याकडे असतील तर त्या आज पुढे पाठवताना पेंटमध्ये उघडून, कॉपी करून, नव्या फाइलमध्ये सेव्ह करा.

वाद कोर्टापर्यंत जाण्याची शक्यता वाटली तर नुसत्या चित्रावर विसंबू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून अशी फाइल काढल्यावर तिच्यावर काहीही लिहू नका, बाण काढू नका. खुणा करायच्या तर प्रतीवर. मूळ मेल काढून टाकू नका, जीमेलमध्ये तो मेल पूर्ण डाउनलोड करण्याचा पर्याय आहे, त्यातली माहिती चित्रापेक्षा वजनदार. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण फोनवर तसंच ठेवा. पुढचं वकिलांना विचारा. पैशांची फसवणूक झाली असेल तर मात्र चित्रं जमवत बसू नका, आधी 1930 वर फोन करा.

ऑफिसात कोणाकडे मॅक असेल तर कमांड-शिफ्ट-4 ने तुकडा निघतो आणि फाइल डेस्कटॉपवर पडते. कमांड-शिफ्ट-5 मधल्या ऑप्शन्समध्ये जागा बदलता येते. बाकी सगळं वरच्यासारखंच.

राहिले तुमचे जुने चार हजार. त्यांना नावं देत बसू नका, होणार नाही. एक 'जुने' फोल्डर करा, डेस्कटॉपवरचे आणि दोन्ही पिक्चर्समधले सगळे त्यात हलवा, तारखेप्रमाणे लावा आणि महिन्याचा एक असे उपफोल्डर करा. ऐन हंगाम असेल तर एवढ्यावरच थांबा. एप्रिल सरला, माल कमी झाला की एकेक महिना उघडा, व्ह्यूमध्ये 'एक्स्ट्रा लार्ज आयकॉन' लावा, म्हणजे फाइल न उघडता ओळखू येते. कंट्रोल धरून नको ते निवडत जा आणि डिलीट करा. ओटीपीचे, हवामानाचे, 'हे बघ काय आलंय' म्हणून काढलेले पहिल्या फेरीतच जातील. हिशेबाशी संबंधित काही सापडलं तर त्याची मूळ पीडीएफ आहे का बघा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, तेव्हा पीडीएफ मिळेपर्यंत ते चित्र डिलीट करू नका.

आणि 'आवक' फोल्डर रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी रिकामा करा. दिवसाचे दहा-बारा असतील तर पाच-सात मिनिटांचं काम आहे. ज्याचं कंटेनर किंवा पार्टी आठवत नाही ते चित्र उद्याही आठवणार नाही, ते तिथेच काढून टाका. रीसायकल बिनमध्ये ते राहतंच, चुकलं तर तिथून परत घेता येतं.